कार्यसूचना, अनौपचारिक

एखादे काम कोणत्या क्रमाने, कोणत्या साधनांनी व कोणती काळजी घेऊन करावयाचे, हे ते काम प्रत्यक्ष करणाऱ्यास सांगणाऱ्या निर्देशास कार्यसूचना म्हणतात. गुणवत्ता व्यवस्थापन प्रणालीत अशी सूचना सामान्यतः लेखी असते. तिला क्रमांक व आवृत्ती असते. अधिकृत व्यक्तीने ती मान्य केलेली असते आणि तिच्या प्रती कोठे ठेवल्या आहेत याची नोंद असते. या व्यवस्थेच्या बाहेर राहूनही ज्यांच्या आधारे काम प्रत्यक्षात चालते, अशा सूचना म्हणजे अनौपचारिक कार्यसूचना होत. यंत्राच्या दारावर खडूने लिहिलेला आकडा, दाबमापकाच्या काचेवर ओढलेली तांबडी रेघ, नियंत्रण फलकाला चिकटविलेली चिठ्ठी, जुन्या ऑपरेटरच्या खिशातील डायरी, पाळी बदलताना तोंडी सांगितलेली गोष्ट आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरील गटात पाठविलेला संदेश वा छायाचित्र ही त्यांची नेहमी आढळणारी रूपे आहेत.

कार्यपद्धती व कार्यसूचना यांत फरक केला जातो. माल स्वीकारणे, त्याची तपासणी करणे, सदोष माल वेगळा काढणे यांसारखी अनेक विभागांतून जाणारी कामे कोणी व केव्हा करावयाची हे कार्यपद्धतीत सांगितलेले असते. कार्यसूचना एकाच जागी, एकाच यंत्रावर वा एकाच टेबलावर होणाऱ्या कामापुरती असते. त्यामुळे कार्यपद्धती कार्यालयात लिहून होते. कार्यसूचना तेथे पुरती लिहून होत नाही. तिचा काही भाग नेहमीच कामाच्या जागी तयार होतो व अनौपचारिक सूचनांचा उगम मुख्यत्वे येथेच आहे.

या विषयाचे जवळजवळ सर्व पैलू नवी मुंबईच्या परिसरात एकत्र पहावयास मिळतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली व त्यानंतर ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्याने दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, शिरवणे असा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा राहिला. ‘नोसिल’चे नॅफ्थावर आधारित खनिज तेल रसायनांचे संकुल येथे १९६८ मध्ये सुरू झाले. शहर वसविणाऱ्या सिडकोची स्थापना मात्र १९७० मधील. म्हणजे येथे कारखाने आधी व शहर नंतर असा क्रम आहे. पुढे तळोजे येथील औद्योगिक क्षेत्र, वाशी-तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार आणि १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर यांची भर पडली. रंग, औषधे, कीटकनाशके व अभियांत्रिकी वस्तू बनविणारे लहानमोठे कारखाने, निर्यातीसाठी शेतमालावर प्रक्रिया करणारी केंद्रे आणि ग्राहकसेवेची कार्यालये अशी भिन्न प्रकारची कामे काही किलोमीटरांच्या अंतरात येथे चालतात. १९९० नंतर जुन्या रासायनिक कारखान्यांपैकी काही बंद पडले व संगणक उद्योगाचे प्रमाण वाढले. सूचनांचा प्रश्न मात्र उद्योग बदलल्याने संपलेला नाही.

उगमाची कारणे : लेखी सूचना तयार करणाऱ्यासमोर कामाचे एक सर्वसाधारण चित्र असते, करणाऱ्यासमोर त्या दिवसाचे काम असते. या दोहोंत पडणारे अंतर अनौपचारिक सूचना भरून काढतात. कोकण किनाऱ्यावरील पावसाळा हे याचे चांगले उदाहरण होय. ओलावा शोषून घेणारी भुकटी वाळविण्याची वेळ कोरड्या हवेतील चाचणीवरून ठरविलेली असेल, तर जून ते सप्टेंबर या काळात ती अपुरी पडते. अनुभवी ऑपरेटरला हे पहिल्याच पावसाळ्यात कळते. तो वाळवणयंत्राच्या दारावर ‘पावसात पंधरा मिनिटे जास्त’ असे लिहून ठेवतो आणि माल बिघडत नाही. लेखी सूचनेत मात्र जुनीच वेळ राहते. ही चिठ्ठी उपयुक्त आहे, खरी आहे आणि तरीही धोकादायक आहे. ती कोणी व कधी लिहिली, किती ओलाव्याला लागू आहे, जास्त वेळ तापविल्याने भुकटीतील औषधी द्रव्यावर परिणाम होतो काय, यांपैकी कशाचेही उत्तर तिच्यात नसते. नवा माणूस ती चिठ्ठी हिवाळ्यातही पाळण्याची शक्यता असते.

दुसरे कारण यंत्रांचे आहे. एकाच नमुन्याची दोन यंत्रे काही वर्षांनी सारखी रहात नाहीत. एकाची झडप अर्धा फेरा जास्त आवळावी लागते, दुसऱ्याचा तापमापक दोन अंश कमी दाखवितो. खरे पाहता अशा तापमापकाची दुरुस्ती वा अंशशोधन व्हावयास हवे; परंतु तोपर्यंत उत्पादन थांबत नाही व ‘दोन नंबरवर दोन डिग्री धरून चाला’ ही सूचना पाळीगणिक पुढे सरकते. दुरुस्ती झाल्यावर ही सूचना मागे घेण्यास कोणी उरलेला नसतो, हा यातील खरा धोका होय. अनौपचारिक सूचनेला जन्म असतो, पण समाप्ती नसते.

तिसरे कारण भाषेचे असून ते या भागात विशेष तीव्र आहे. लेखी सूचना बहुधा इंग्रजीत असतात, कारण त्या परदेशी सहकाऱ्यांकडून, मातृकंपनीकडून वा सल्लागाराकडून आलेल्या असतात आणि त्या वाचणारा परीक्षकही इंग्रजी जाणणारा असतो. काम करणाऱ्यांत स्थानिक आगरी-कोळी व घाटावरून आलेले मराठी कामगार, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले कंत्राटी कामगार असे मिश्रण असते. मुकादम किंवा फोरमन इंग्रजी सूचना वाचून तिचा आशय मराठी-हिंदीत सांगतो. हे तोंडी भाषांतर हीच त्या जागेची खरी कार्यसूचना ठरते आणि ते कोणत्याही सूचीत नसते. १९४८ च्या कारखाना अधिनियमात कारखान्यात लावावयाच्या वैधानिक सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, अशी तरतूद होती. उत्पादनाच्या सूचनांना हाच न्याय लावण्याचे अनेक व्यवस्थापनांना सुचले नाही, ही आश्चर्याची गोष्ट म्हटली पाहिजे.

लेखी नियम कामाला पुरे पडत नाहीत याचा पुरावा कामगार चळवळीनेच दिलेला आहे. ‘नियमानुसार काम’ हे आंदोलनाचे एक जुने साधन असून भारतात रेल्वे, टपाल व विमान वाहतूक यांसारख्या सेवांत ते वेळोवेळी वापरले गेले. त्यात संप नसतो, कामचुकारपणाही नसतो. फक्त पुस्तकातील प्रत्येक नियम अक्षरशः पाळला जातो आणि काम मंदावते. एरवी काम सुरळीत चालते ते नियमांच्या जोडीला असलेल्या अलिखित समजुतींमुळे, हे अशा वेळी सर्वांच्या लक्षात येते. हंगेरीत जन्मलेले ब्रिटिश विचारवंत मायकेल पोलान्यी (१८९१–१९७६) यांनी माणसाला जेवढे सांगता येते त्याहून अधिक ज्ञात असते, असे प्रतिपादून त्यास अव्यक्त ज्ञान म्हटले. कसबी कामगाराचे पुष्कळसे ज्ञान या प्रकारचे असते व ते संपूर्णपणे कागदावर उतरविणे शक्य नसते.

ऐतिहासिक आढावा : लेखी कार्यसूचनेचा पद्धतशीर पुरस्कार अमेरिकन अभियंते फ्रेडरिक विन्स्लो टेलर (१८५६–१९१५) यांनी केला. काम कसे करावे हे कामगारावर न सोपविता नियोजन विभागाने सूचनापत्रकावर लिहून द्यावे, असे त्यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनाचे एक तत्त्व होते. कामगाराच्या डोक्यातील ज्ञान व्यवस्थापनाच्या हाती यावे, असा त्यामागील हेतू त्यांनी लपविलेला नव्हता. म्हणूनच कामगार संघटनांनी त्यास विरोध केला. हा जुना संशय आजही पुरता गेलेला नाही. डायरी दाखविली तर आपली गरज संपेल, असे वाटणारा कामगार ती खिशातच ठेवतो आणि कंत्राटी कामगाराच्या बाबतीत ही भीती निराधार म्हणता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर संरक्षण साहित्याच्या पुरवठ्यासाठी अमेरिकेत गुणवत्ता कार्यक्रमाची मानके तयार झाली. ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये बीएस ५७५० हे मानक आले व त्याच धर्तीवर आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने १९८७ मध्ये आयएसओ ९००० ही मालिका प्रसिद्ध केली. तिच्यातील कार्यसूचनेविषयीची अट मुळात संयमित होती : जेथे लेखी सूचनेच्या अभावी गुणवत्तेवर विपरीत परिणाम होईल, तेथे ती लेखी असावी. प्रत्येक हालचाल लिहून काढावी असे मानकात कोठेही नव्हते. भारतीय मानक ब्यूरोने ही मालिका भारतीय मानक म्हणून स्वीकारली. १९९० नंतरच्या दशकात यूरोपीय बाजारपेठेच्या आकर्षणाने प्रमाणपत्र मिळविण्याची लाट आली, तेव्हा मात्र ही अट मागे पडली आणि जाडजूड पुस्तिकांचे युग सुरू झाले. सल्लागाराने दुसऱ्या कारखान्यासाठी लिहिलेली पुस्तिका नाव बदलून वापरल्याची उदाहरणे त्या काळी विनोदाने सांगितली जात. पुस्तिका कपाटात व काम चिठ्ठ्यांवर, अशी विभागणी यातूनच पक्की झाली.

या अनुभवानंतर मानकाने आपली भूमिका सैल केली. २००० च्या आवृत्तीत लेखी कार्यपद्धतींची सक्ती फक्त सहा बाबींपुरती राहिली व कार्यसूचना आवश्यकतेनुसार उपलब्ध असाव्यात एवढेच म्हटले गेले. २०१५ च्या आवृत्तीने गुणवत्ता पुस्तिकेचीही सक्ती काढून टाकली, दस्तऐवज व नोंदी यांऐवजी ‘दस्तऐवजीकृत माहिती’ हा व्यापक शब्द योजला आणि संस्थेचे ज्ञान हे स्वतंत्र कलम घातले. काम चालण्यासाठी लागणारे ज्ञान कोणते हे संस्थेने ठरवावे, ते टिकवावे व आवश्यक तेथे उपलब्ध करून द्यावे, असे हे कलम सांगते. चिठ्ठी व डायरी यांना मानकाच्या भाषेत प्रथमच येथे जागा मिळाली, असे म्हणण्यास हरकत नाही. दस्तऐवजांविषयीच्या आयएसओ १००१३ या मार्गदर्शक मानकाने (२००१, सुधारित २०२१) लेखी वर्णनाबरोबर प्रवाहचित्रे, नमुने, छायाचित्रे, चित्रफिती व पडताळा-याद्या हीदेखील कार्यसूचनेची ग्राह्य रूपे मानली आहेत.

धोके : अनौपचारिक सूचनेने घडविलेल्या अनर्थाचे रासायनिक उद्योगातील प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील होय. तेथे सायक्लोहेक्झेनावर प्रक्रिया करणाऱ्या सहा विक्रियापात्रांपैकी पाचव्याला १९७४ च्या मार्चमध्ये तडा गेल्याचे आढळले. उत्पादन थांबू नये म्हणून ते पात्र काढून चौथ्या व सहाव्या पात्रांमध्ये वीस इंच व्यासाचा तात्पुरता नळ जोडण्यात आला. या नळाचे एकमेव रेखाचित्र कर्मशाळेच्या जमिनीवर खडूने काढलेले होते. दोन्ही पात्रांची तोंडे वेगवेगळ्या उंचीवर असल्याने नळाला बाक होता व त्यावर येणाऱ्या बलांचा विचार कोणी केला नव्हता. १ जून १९७४ रोजी नळ निखळून झालेल्या स्फोटात २८ माणसे मृत्युमुखी पडली. जमिनीवरील खडू पुसला जातो तसा निर्णयाचा मागही पुसला जातो आणि मधल्या दोन महिन्यांत कोणा जाणत्याने त्या जोडणीकडे पुन्हा पाहण्याचा प्रसंगच येत नाही.

जपानमधील तोकाइमुरा येथील युरेनियम प्रक्रिया केंद्रातील घटना याहून बोधप्रद आहे. तेथे कंपनीने शासनमान्य पद्धतीऐवजी वेळ वाचविणारी स्वतःची एक पुस्तिका बनविली होती व तिच्यात नियत टाकीऐवजी पोलादी बादल्या वापरण्याची मुभा होती. जपानीत अशा पुस्तिकेला ‘उरा मॅन्युअल’, म्हणजे पडद्याआडची पुस्तिका, म्हणतात. ३० सप्टेंबर १९९९ रोजी कामगारांनी या पुस्तिकेपासूनही एक पाऊल दूर जाऊन द्रावण सरळ अवक्षेपण टाकीत ओतले. टाकीला २·४ किग्रॅ. युरेनियमाची मर्यादा होती. प्रत्यक्षात सुमारे १६ किग्रॅ. त्यात गेले व अणुविभाजनाची साखळी सुरू झाली. दोन कामगारांचा पुढे मृत्यू झाला. एकदा मान्य सूचनेबाहेर काम करण्याची सवय वरिष्ठांच्या संमतीने लागली, की पुढचे पाऊल कोठे थांबावे हे सांगणारे काहीच उरत नाही. दोष केवळ कामगारांकडे जात नाही. पडद्याआडची पुस्तिका वरूनच आलेली होती.

कोणती सूचना अनौपचारिक राहू देता येईल हे ठरविणे दिसते तितके सोपे नाही. वाशी परिसरातील किरणप्रक्रियेचे उदाहरण घेता येईल. अणुऊर्जा विभागाच्या विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचे मसाल्यांवर कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी प्रक्रिया करणारे संयंत्र येथे २००० पासून आहे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या वाशी येथील केंद्रात निर्यातीच्या आंब्यांवर किरणन होते. अमेरिकेस जाणाऱ्या आंब्यांना किमान ४०० ग्रे इतकी मात्रा मिळणे आवश्यक असते. मात्रेचे मापन लेखी व काटेकोर असणार हे उघड आहे. परंतु खोकी कशी रचावीत हे काम हमालाचे, त्याला कागद कशाला, असे सहज वाटते. वस्तुतः मालाची घनता व रचना यांनुसार आतील खोक्यांना मिळणारी मात्रा बदलते. ठरविलेल्या मांडणीवर मात्रा मोजलेली असेल व रचणाऱ्याने जागा वाचविण्यासाठी एक खोके आडवे घातले, तर मोजमाप निरर्थक ठरू शकते. म्हणजे येथे रचणे हा प्रक्रियेचाच भाग आहे आणि त्याची सूचना अनौपचारिक राहता कामा नये. उलट, खोके उचलताना कोपर कोठे टेकवावे वा दोघांनी कोणत्या तालात उचलावे हे जुन्या हमालाने नव्याला दाखविणेच योग्य. त्याचा कागद केल्यास कोणी वाचणार नाही. एकाच माणसाच्या एकाच कामातील ही दोन अंगे वेगळी काढणे, यातच व्यवस्थापकाचे कौशल्य आहे.

याच केंद्रातून गेलेल्या आंब्यांच्या पंधरा खेपा मे २०२५ मध्ये अमेरिकेतील विमानतळांवर किरणनाच्या कागदपत्रांतील त्रुटींच्या कारणावरून नाकारण्यात आल्या. किरणन झालेले होते असे निर्यातदारांचे म्हणणे होते. तरी माल तेथेच नष्ट करण्याचा मार्ग पत्करावा लागला व सुमारे ५ लाख डॉलरांचे नुकसान झाल्याचा त्यांचा अंदाज प्रसिद्ध झाला. ही बाब सूचनेपेक्षा नोंदीची आहे हे खरे. परंतु नियंत्रित क्षेत्रात केलेले काम आणि सिद्ध करता येणारे काम यांत किती अंतर पडू शकते, हे तीवरून कळते.

औषधनिर्मितीत हे अंतर कायद्यानेच मिटविलेले आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ‘एम’मध्ये उत्तम उत्पादन प्रथांचे नियम असून २०२३ च्या अखेरीस अधिसूचित झालेल्या सुधारित अनुसूचीत औषधी गुणवत्ता प्रणाली व जोखीम व्यवस्थापन यांचा स्पष्ट समावेश झाला. मान्य लेखी पद्धतीपासून झालेला प्रत्येक फरक नोंदवून त्याचे कारण शोधणे येथे बंधनकारक असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ च्या सुमारास व त्यानंतर भारतातील काही कारखान्यांवर जे आक्षेप घेतले, त्यांत अनधिकृत वह्या व सुटे कागद यांवर केलेल्या नोंदींचा उल्लेख वारंवार आढळतो. अशा कारखान्यात वाळवणयंत्रावरील चिठ्ठी हा केवळ बेशिस्तीचा प्रकार रहात नाही. त्या चिठ्ठीनुसार बनलेला प्रत्येक घाण, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बॅच, संशयास्पद ठरते.

याच्या अगदी उलट टोकाला मुंबईचे डबेवाले आहेत. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या सेवेत पुणे जिल्ह्यातील मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या काम करतात. डब्याच्या झाकणावरील रंग, अंक व अक्षरे यांची खूण हाच त्यांचा सर्व दस्तऐवज. बाकीचे शिक्षण गटात राहून होते. लेखी सूचनेविना उत्तम गुणवत्ता शक्य आहे याचा दाखला म्हणून त्यांचे नाव नेहमी घेतले जाते, परंतु त्यातून सरसकट निष्कर्ष काढणे बरोबर नाही. चुकीचा डबा पोहोचला तर तो उघडणाऱ्याला त्याच दुपारी कळते व चूक दुसऱ्या दिवशी सुधारते. गोळीतील औषधाचे प्रमाण चुकले तर ती घेणाऱ्यास कळत नाही. चूक किती लवकर व कोणाच्या ध्यानात येते, यावर अनौपचारिकतेची मर्यादा अवलंबून असते.

व्यवस्थापन : अनौपचारिक सूचनांच्या बाबतीत सर्वांत जास्त रूढ असलेला व सर्वांत निरुपयोगी उपाय म्हणजे परीक्षणाच्या आदल्या दिवशी त्या काढून टाकणे. परीक्षक गेल्यावर त्या पुन्हा लागतात. न लागल्यास अधिकच वाईट, कारण तेव्हा काम आठवणीवर चालते. चिठ्ठी हे लेखी सूचनेत काहीतरी उणे असल्याचे चिन्ह आहे असे मानून सुरुवात केल्यास तिचा उपयोग होतो.

प्रथम त्या कोठे आहेत हे पाहणे आवश्यक असते. यासाठी विभागप्रमुख, गुणवत्ता विभागाचा माणूस व त्या जागेवरील एक जुना कामगार यांनी मिळून फेरी काढावी. ती तिसऱ्या पाळीतही काढावी, कारण वरिष्ठ नसताना चालणारे काम चिठ्ठ्यांवर अधिक अवलंबून असते. या फेरीत सापडलेल्या कागदाबद्दल कोणासही शिक्षा होणार नाही असे आधी जाहीर करणे व ते पाळणे यावर सर्व यश अवलंबून आहे. एकाला जरी ताकीद मिळाली, तरी पुढच्या फेरीत भिंती स्वच्छ व खिसे भरलेले आढळतात. प्रत्येक चिठ्ठीचे छायाचित्र, जागा, मजकूर व ती का लिहिली याचे कामगाराने दिलेले कारण यांची नोंद ठेवतात. कारण विचारताना ‘ही कोणी लावली’ या प्रश्नापेक्षा ‘ही नसती तर काय बिघडले असते’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. मूळ मानकातील कसोटीही तीच आहे.

मान्य सूचनेचीच पुनरुक्ती करणारी चिठ्ठी मान्य प्रत हाताशी नाही असे सांगत असते. तेथे वाचता येईल अशी नियंत्रित प्रत लावली की ती आपोआप गळून पडते. मान्य सूचनेला विरोध करणाऱ्या चिठ्ठीच्या बाबतीत काम थांबवून तंत्रज्ञांनी निर्णय घ्यावयास हवा. पुष्कळदा चिठ्ठीच बरोबर ठरते, परंतु ती बरोबर आहे हे ठरविण्याचा अधिकार ती लिहिणाऱ्याचा नसतो. बहुसंख्य चिठ्ठ्या मान्य सूचनेत नसलेली भर घालणाऱ्या असतात आणि खरा विचार त्यांच्यावर खर्च होतो. सुरक्षितता, मालाचे गुणधर्म, कायदेशीर अट वा नंतर तपासता न येणारी बाब यांपैकी कशालाही स्पर्श करणारी भर मान्य सूचनेत घेतली जाते. बाकीची हाताच्या सवयीची बाब म्हणून प्रशिक्षकाकडे सोपविली किंवा स्मरणसाहाय्य म्हणून तशीच राहू दिली तरी चालते. तिच्यावर जबाबदार व्यक्तीची सही व तारीख असली म्हणजे पुरे.

तात्पुरत्या सूचनेची सोय नसलेली प्रणाली चिठ्ठ्यांना स्वतःच आमंत्रण देते. सूचना बदलण्यास सहा सह्या व तीन आठवडे लागत असतील, तर रात्रपाळीचा फोरमन खडूच उचलणार. यावर एक पानाचा ठरावीक नमुना छापून ठेवतात : काय बदल, का, कोणत्या यंत्रापुरता, कोणी मान्य केला व कोणत्या तारखेस आपोआप रद्द होणार. पाळीवर हजर असलेल्या अधिकाऱ्याला ठरावीक मर्यादेत तो भरण्याचा अधिकार असतो व गुणवत्ता विभाग दुसऱ्या दिवशी तो पाहतो. रद्द होण्याची तारीख हा या नमुन्यातील सर्वांत महत्त्वाचा रकाना होय. दोन अंश कमी दाखविणाऱ्या तापमापकाची सूचना त्यामुळे दुरुस्तीनंतर जिवंत रहात नाही. काही कारखान्यांत नियंत्रित प्रतीवर शाईने दुरुस्ती करून सही व तारीख टाकण्यासही परवानगी असते. औषधनिर्मितीत ही मोकळीक फारच थोडी असते व बदल-नियंत्रणाच्या ठरलेल्या मार्गानेच जावे लागते.

भाषेच्या प्रश्नावर भाषांतर हा अर्धाच उपाय आहे. कार्यालयीन मराठीत केलेले भाषांतर कामगारास इंग्रजीइतकेच परके वाटू शकते. ‘झडप दक्षिणावर्ती फिरवून संपूर्ण बंद करावी’ यापेक्षा ‘व्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने फिरवून पूर्ण बंद करा’ ही सूचना पाळली जाण्याचा संभव अधिक. यंत्रांच्या भागांना त्या जागी जी नावे रूढ आहेत तीच वापरावीत, कामगाराकडून सूचना वाचून घ्यावी व तिच्याप्रमाणे काम करवून पाहावे. कोठे अडखळतो तेथे दुरुस्ती करावी. अनेक भाषांचे कामगार असल्यास बरोबर व चूक स्थितीची दोन छायाचित्रे शेजारी लावणे बहुधा अधिक परिणामकारक होते. मात्र छायाचित्रालाही आवृत्ती असते हे विसरता कामा नये. यंत्राचा भाग बदलल्यावर जुने छायाचित्र तसेच राहणे, हा या पद्धतीतील नेहमीचा दोष आहे.

भ्रमणध्वनीवरील गटांनी या विषयाला नवे वळण दिले आहे. पाळीचा प्रमुख एक संदेश पाठवितो व तो तीस जणांना एकदम पोहोचतो. खडूच्या मानाने येथे एक लाभ आहे : पाठविणाऱ्याचे नाव व वेळ आपोआप उमटते. परंतु भिंतीवरील चिठ्ठी निदान त्या जागी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला दिसते. संदेश गटात नसलेल्या कंत्राटी कामगाराला दिसत नाही, सुट्टीवरून परतलेल्याला दोनशे संदेशांखाली सापडत नाही व नोकरी सोडलेल्याच्या खिशात मात्र कायम राहतो. त्यामुळे उत्पादनाविषयीचा कोणताही संदेश त्याच पाळीत तात्पुरत्या सूचनेच्या नमुन्यावर उतरवून घ्यावा व संदेशात तिचा क्रमांक द्यावा, असा नियम काही ठिकाणी केला जातो. ज्वालाग्राही द्रव्यांच्या विभागात साधा भ्रमणध्वनी नेण्यासच बंदी असते. तेथे पाळीची नोंदवही हेच सूचना पोहोचविण्याचे मुख्य साधन राहिले आहे आणि ती पुढच्या पाळीच्या प्रमुखाने वाचून सही करावी, मगच मागच्याने जागा सोडावी, ही जुनी रीत अद्याप पाळली जाते.